मदत हवी आहे: विचर ३, डिव्हिनिटी २ की बाल्डर्स गेट ३? (सोलापूर, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप)

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. फँटसी आरपीजी (आपलं पात्र घडवत खेळायचा गोष्टीचा गेम) घ्यायचाय. एकच, पण चार-सहा महिने पुरेल असा. शोधून शोधून तीन नावं उरलीत: द विचर ३, डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ आणि बाल्डर्स गेट ३. काहीजण एल्डन रिंग आणि स्कायरिमही सुचवतात.

लॅपटॉप: रायझन ५ ५६००एच, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० (४ जीबी), ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, त्यात १४० जीबी मोकळी. नेट ४० एमबीपीएस. बजेट दीड हजार, सेलपर्यंत थांबेन. रात्री तास-दीड तास मिळतो आणि मध्येच उठावं लागतं. रविवारी धाकटा भाऊ सोबत बसेल. आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे, एप्रिल-मे मध्ये रात्री दहालासुद्धा खोली तापलेली असते, त्यात लाईट जाते. गोष्ट चांगली हवी आणि लढाई डोकं लावून जिंकता यावी. कोणता घेऊ?

तळ्याकाठी

आधी न जमणारे बाजूला काढू. एल्डन रिंगची किमान गरजच १२ जीबी रॅम. शिवाय लढाईत पॉज नाही आणि अवघडपणा कमी करायची सोय नाही. मध्येच उठणाऱ्यासाठी तो नाहीच.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) हा फार मोठ्या ताकदीचा गेम आहे, पण तुमच्या मशीनवर आज घेऊ नका. किमान गरज ८ जीबी रॅम आणि ४ जीबीचं कार्ड, म्हणजे कागदावर बसतो. पण जागा १५० जीबी लागते, तीही एसएसडीवर. तुमच्याकडे १४० आहे. मोठा पॅच (गेमचं अपडेट) आला की स्टीम (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) जुन्या फाइल्स तशाच ठेवून नव्या बांधतं, तेवढ्या वेळापुरती आणखी बरीच जागा लागते. ती नसली की गेम काढून पुन्हा सगळा उतरवावा लागतो. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी, १५० जीबीला सव्वाआठ तास. पहिला अंक कमी सेटिंगवर चालेल, तिसऱ्या अंकात शहरात शिरलात की माणसांच्या गर्दीचा भार प्रोसेसर आणि रॅमवर येतो आणि गचके सुरू होतात. नेमकं तिथेच गोष्ट रंगात आलेली असते. सेलमध्येही तो दीड हजारात बसणं कठीण.

स्कायरिम स्पेशल एडिशन (२०१६) १२ जीबीत बसतो आणि १६५० वर मस्त पळतो. फिरायला आवडत असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही. तुम्हाला हवी तशी लढाई मात्र त्यात नाही. घेतलात तर फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० च्या वर जाऊ देऊ नका, त्याचं फिजिक्स फ्रेमरेटला बांधलेलं आहे. वर गेलं की टेबलावरची भांडी आपोआप उडतात.

म्हणजे उरले दोन.

फासे_वीस

डोकं लावायची लढाई म्हणालात, तर डिव्हिनिटी २ ची डेफिनिटिव्ह एडिशन (२०१८). ६० जीबी, शिफारस जीटीएक्स ७७० आणि ८ जीबी रॅमची, म्हणजे तुमच्याकडे आहे तेवढ्यात भागतं.

लढाई पाळीपाळीने होते. प्रत्येक पाळीला ४ ॲक्शन पॉइंट मिळतात, न वापरलेले पुढे जातात, पण ६ च्या वर साठत नाहीत. मध्येच उठलात तरी काही बिघडत नाही, शत्रू तुमची वाट बघत उभा राहतो.

नवे लोक अडतात ते कवचांपाशी. जिवाच्या लाल पट्टीवर दोन पट्ट्या असतात, करडी फिजिकल आणि निळी मॅजिक. निळी शिल्लक असेपर्यंत शत्रू गोठत नाही, करडी शिल्लक असेपर्यंत आपटून पाडता येत नाही. चौघांत दोन लढवय्ये आणि दोन जादूगार असतील आणि चौघंही एकाच शत्रूवर तुटून पडले, तर दोन्ही कवचं अर्धी-अर्धी सोलली जातात आणि कुठलंच फुटत नाही. मग लोक म्हणतात गेम अन्यायी आहे! पट्ट्या बघून वाटणी करा: निळी तोकडी असलेल्याकडे जादूगार, करडी तोकडी असलेल्याकडे तलवार.

दुसरं म्हणजे जमीन. तेल सांडलेलं असेल तर ठिणगी पुरते, पाण्यात वीज सोडली की त्यात उभ्या सगळ्यांना शॉक बसतो, त्यात तुमची माणसंही आली. पहिल्या बेटावर फोर्ट जॉयच्या किनाऱ्यावर मगरी आहेत, त्यांच्याकडून टेलिपोर्टेशनचे हातमोजे मिळतात. ते सोडू नका. मागे लपलेला जादूगार उचलून आपल्या तलवारवाल्यांच्या पायाशी टाकता येतो, आणि पहिल्या बेटावरची निम्मी डोकेदुखी जाते.

लेव्हलचा फरक फार जाणवतो. शत्रू दोन लेव्हल वर असेल तर परत फिरा, दुसरं काम करा. लढाईनंतर बेडरोल वापरा, फुकटात सगळे बरे होतात. पात्र चुकीचं बांधलं गेलं तर पहिलं बेट सुटल्यावर जहाजावर आरसा आहे, त्यात हवं तितक्यांदा बदला.

जुळे_सोलापूर

कवचांचं कळलं, धन्यवाद. पण गोष्टीत विचर वरचढ आहे असं वाचलं. आणि भावासोबत खेळायचं ते कशात जमेल?

तळ्याकाठी

विचरमध्ये नाही, तो एकट्याचा गेम आहे. डिव्हिनिटीत एकाच स्क्रीनचे दोन भाग करून दोघं खेळता, पण त्यासाठी दोन कंट्रोलर लागतात. एक कीबोर्डवर आणि एक कंट्रोलरवर असं चालत नाही. तो खर्च धरा, आणि भाग केल्यावर कार्डावर ताण वाढतो हेही. संवाद दोन्हीत इंग्रजी, सबटायटल मराठी किंवा हिंदीत नाहीत. डिव्हिनिटीत वाचायला खूप आहे. भाऊ लहान असेल तर कंटाळेल.

गोष्टीत विचर (२०१५) वरचढ आहे, हे माझंही मत. साधी बाजूची कामंसुद्धा माणसांच्या घरातली वाटतात. मुख्य गोष्ट ५० तासांच्या आसपास, दोन्ही विस्तार (नंतर आलेले जादा भाग) आणि बाकीचं धरून दीडशे सहज. कम्प्लीट एडिशन घ्या, त्यात दोन्ही विस्तार येतात, आणि सेलमध्ये ८० टक्के सवलत बऱ्याचदा असते.

लढाई हातघाईची आहे, पण डोकं लढाईआधी लावायचं. राक्षसाची नोंद वाचा, त्याला कुठलं तेल लागू पडतं बघा, ते तलवारीला चोळा. काढे एकदाच बनवायचे. नंतर ध्यानाला बसलात की झोळीतली कडक दारू वापरून ते आपोआप भरतात. म्हणून दारूच्या बाटल्या विकू नका, सुरुवातीला सगळे हीच चूक करतात. शत्रूच्या नावाशेजारी लाल कवटी दिसली तर पळा.

होटगीरोड

तापमानावर कुणी बोललं नाही, आणि सोलापुरात निम्मा निकाल तिथेच लागतो.

विचर सुरू होताना डायरेक्टएक्स (चित्रं काढायची पद्धत) ११ की १२ विचारतो. ११ घ्या. २०२२ च्या अपडेटनंतर १२ मध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश-सावल्या दाखवणं) आलं, १६५० ला ते झेपत नाही, उलट गचके बसतात. हेअरवर्क्स (केसांचा इफेक्ट) बंद, झाडझाडोऱ्याचं अंतर मध्यम. तरीही जड वाटला तर स्टीमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाज खाली जुनी १.३२ आवृत्ती मिळते. पण निर्णय पहिल्या दिवशीच घ्या, नव्या आवृत्तीतला सेव्ह जुन्यात उघडत नाही.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट ४५ ला बांधा. ४२ अंशांच्या दिवसात ६० च्या मागे लागलात तर चिप तापून स्वतःच वेग उतरवते. पहिली दहा मिनिटं छान, मग अचानक २५ वर. स्थिर ४५ त्यापेक्षा कितीतरी बरं. पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलंत की बूस्ट (प्रोसेसरचा वाढीव वेग) बंद होतो आणि प्रोसेसर बराच थंड राहतो. या गेमला तेवढा वेग पुरतो.

लॅपटॉप गादीवर, चादरीवर ठेवून खेळू नका. तो खालच्या जाळीतून हवा ओढतो. आपली सोलापुरी चादर जाड, जाळी पूर्ण झाकते आणि सुताचा बारीक तूस आत जाऊन पंख्यामागे नमद्यासारखा बसतो. मागची बाजू दोन इंच उचलली जाईल असं काहीतरी खाली द्या.

लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि कार्डाचा वेग झटकन पडतो. विचरच्या लढाईत हे महागात पडतं, डिव्हिनिटीत फक्त पाळी संथ होते. उन्हाळ्यात इन्व्हर्टर नसेल तर माझं मत डिव्हिनिटीला.

आणि ८ जीबी रॅम एकाच कांडीत असेल तर दुसरी ८ ची टाका. दोन कांड्यांमुळे रॅम दुहेरी वाटेने चालते, गचके कमी होतात.

जुळे_सोलापूर

इन्व्हर्टर आहे. मग विचर आधी, डिव्हिनिटी दिवाळीनंतर कंट्रोलरसकट. घेतल्यावर नाहीच चालला तर?

फासे_वीस

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. लाँचर उघडा राहिला तर तो वेळही मोजला जातो, तो बंद करत जा. ट्युटोरियल टाळून थेट व्हाईट ऑर्चर्ड (विचरचा सुरुवातीचा प्रदेश) गाठा, गावातून घोडा पळवा, पाचव्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला फ्रेमरेट लिहून ठेवा. दोन्ही आकडे जवळपास असतील तर मशीन टिकतंय. नोव्हिग्राड शहरात आकडा याहून खाली येणार हे धरून चाला. ही चाचणी दुपारी करा, रात्री नको.

जुळे_सोलापूर

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २ दाखवतंय. नवी पेठेत जाऊन काय मागू?

होटगीरोड

लॅपटॉपची डीडीआर४, ३२०० मेगाहर्ट्झ, ८ जीबी. दुकानात डेस्कटॉपची लांब कांडी देतील तर ती बसणार नाही. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कांडी तिरकी आत सरकवून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर स्क्रीन काळी राहू शकते, बटण दाबून बंद करू नका. दोन-तीन मिनिटांनंतरही काळीच असेल तर कांडी पूर्ण बसलेली नाही, काढून पुन्हा बसवा.