नववीत डोक्यावर घेतलेलं पुस्तक आता हातून सुटलं. तुमचं असं झालंय का?

खूणपट्टी

गेल्या महिन्यात पंधरा दिवस अंथरुणावर होते. डोळ्यांना स्क्रीन नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून कपाटातून 'मृत्युंजय' काढलं. नववीच्या सुट्टीत हे पुस्तक मी तीन दिवसांत संपवलं होतं. कर्णासाठी ढसाढसा रडले होते आणि पुढे कित्येक दिवस अर्जुनाचं नुसतं नाव निघालं तरी माझं डोकं फिरायचं.

या वेळी दोनशे पानांच्या आसपास थांबले. गोष्ट सहा जण सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा धाकटा भाऊ शोण, कर्णाची बायको वृषाली आणि कृष्ण. नववीत हीच गंमत वाटली होती. आता वाटलं, सहा माणसं आहेत तर सहा तोंडं हवीत ना? राजघराण्यातली बाई बोलते तसाच सारथ्याचा पोरगा बोलतो. सगळ्यांच्या तोंडी उपमांच्या माळा. शेवटी मी एक खेळ केला. डोळे मिटून पान उघडायचं, नावं-नाती दिसली तर ती ओळ सोडायची आणि नुसत्या भाषेवरून कोण बोलतंय ते ओळखायचं. पाचात तीनदा चुकले.

मग बाजूचं 'स्मृतिचित्रे' उचललं. शाळेत त्यातला उतारा होता आणि खाली 'लेखिकेच्या स्वभावाचे पैलू स्पष्ट करा', त्यामुळे लक्ष्मीबाई टिळक म्हणजे पाच गुणांचा प्रश्न एवढंच डोक्यात बसलं होतं. सुरुवातीलाच वडिलांचं सोवळं येतं. त्या सोवळ्यापायी घरच्यांचे जे हाल होतात ते वाचताना मी एकटीच खोलीत हसत होते, आणि हसता हसता लक्षात आलं की ही बाई भयंकर काहीतरी सांगते आहे. पुढे 1895मध्ये नवरा ख्रिस्ती होतो आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकते. त्या स्वतः बाप्तिस्मा घेतात 1900मध्ये. मधल्या पाच वर्षांचं सगळं मोठमोठ्याने रडून सांगता आलं असतं. त्या रडतातही, पण रडणाऱ्या स्वतःकडेही जरा मिश्कीलपणे बघतात. नवऱ्याचा तापटपणा लपवत नाहीत, आणि त्यांच्यावरची मायाही. 1934पासून भागाभागाने आलेलं पुस्तक आहे हे, आणि भाषा अशी की शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी.

तर सांगा. अलीकडे काय आवडलं, काय नाही, आणि का? 'छान आहे, जरूर वाचा' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या.

---

जुनेरं

तक्रार खरी आहे, पण जरा थांबा. वडिलांची नजर गेल्यापासून मी त्यांना रोज संध्याकाळी अर्धा तास वाचून दाखवतो. 'मृत्युंजय' असंच सात-आठ महिने चाललं. मनातल्या मनात वाचताना मलाही दहा पानांत गोड-गोड व्हायचं. मोठ्याने वाचायला लागलो आणि कळलं, ती वाक्यं श्वासाच्या मापाने बेतलेली आहेत. कीर्तनकार कृष्णही होतो, द्रौपदीही होतो, आवाज मात्र त्याचा त्याचाच राहतो, आणि त्याबद्दल आपण कधी कुरकुर करत नाही. वडिलांनी तर एकदाही 'आता कोण बोलतंय?' असं विचारलं नाही. युद्धाच्या भागात त्यांना अर्धा तास पुरायचा नाही.

तुमचा खेळ मीही करून पाहिला. मी चारदा चुकलो! तरीही पुस्तक आवडतंच.

शोणाचा भाग तेवढा पुन्हा वाचा. मोठ्या भावाकडे मान वर करून बघणारा धाकटा तिथे मला खरा वाटतो. (मी स्वतः धाकटा आहे, त्यामुळे माझं मत थोडं कमी धरा.)

---

अर्ध्यावरचा

माझं नावडलेलं आधी. भालचंद्र नेमाड्यांचं 'हिंदू' तिसऱ्यांदा सोडलं. 2010ला आलं तेव्हा पहिल्यांदा, मग ज्ञानपीठाच्या वेळी, आणि आता. दरवेळी खंडेराव मोहेंजोदडोला उकरायला लागतो, मी उत्साहाने त्याच्या मागे जातो आणि कुठल्या तरी थरात गाडला जातो. नावात 'समृद्ध अडगळ' आहे हे मान्य, पण अडगळीतून चालायला वाट तरी ठेवावी. एकेक तुकडा सुटा काढला तर अफाट आहे, हेही सांगतो, नाहीतर तिसऱ्यांदा हात कशाला लावला असता.

आणि गंमत म्हणजे त्याच लेखकाचं 1963चं 'कोसला' मी दर दोन वर्षांनी वाचतो. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या टवाळीसाठी वाचायचो. मित्रमंडळींत सगळे त्यातल्यासारखं उदाहरणार्थ-वगैरे करत बोलायचे, मीही. यंदा मुलगी तापाने फणफणली होती, तिच्या उशाशी बसून वाचलं आणि नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते तिथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं. आधी चार वेळा मी ती पानं भराभर उलटून पुढे गेलो होतो. सगळ्या जगाची टर उडवणारा पांडुरंग तिथे टर उडवू शकत नाही, आणि ते बोलायची दुसरी रीत त्याच्याकडे नाही.

मुलगी ठणठणीत आहे आता.

---

पान_दुमडू_नका

एक अनुवादित रहस्यकथा. नाव सांगत नाही, अनुवाद करणारी व्यक्ती ओळखीची आहे. त्यात सगळे जण पानोपानी 'खांदे उडवतात'. प्रश्न विचारला की खांदे उडवले, खून झाला तरी खांदे उडवले. मी साठाव्या पानापर्यंत मोजले, एकवीस वेळा. मराठी माणूस अशा वेळी 'कुणास ठाऊक' म्हणतो, नाहीतर नुसतं तोंड वाकडं करतो. खुनी कोण ते मला अजून कळलेलं नाही आणि माझेही खांदे उडालेले आहेत.

---

खूणपट्टी

@पान_दुमडू_नका, हसून खोकला परत आला.

@जुनेरं, कीर्तनकाराचा मुद्दा पटला. शोणाचा भाग काल मोठ्याने वाचला. तुमच्याइतका नाही आवडला, पण घाई करून सोडलं होतं एवढं कबूल.

@अर्ध्यावरचा, उशाशी बसून वाचलंत, धाडसी आहात.

---

बांधावरून

कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. 2023चा साहित्य अकादमी मिळाला म्हणून घेतलं आणि पहिल्या वीस पानांत पस्तावले. बोली माझ्या ओळखीची नाही, शब्दाशब्दाला ठेच. मग अडलेले शब्द मागच्या पानावर टिपायचे बंद केले आणि नुसती वाचत सुटले. पन्नासाव्या पानाच्या पुढे कधीतरी शब्द आपोआप कळायला लागले, ते कधी हे सांगता येणार नाही.

धरणामुळे गाव उठलेलं आहे आणि देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत जातो. म्हैस आता रानटी झालेली. एवढंच. विस्थापितांवरचं पुस्तक म्हटलं की मोर्चे, कचेऱ्या, नुकसानभरपाई असणार अशी माझी समजूत. 'झाडाझडती' वाचलेलं, तिथे ते सगळं आहे आणि अंगावर येतं. इथे एक माणूस, एक जनावर आणि रान. जनावराने मालकाला ओळख द्यायची नाही असं ठरवलं तर माणसाचं काय उरतं, हे वाचताना घशात काहीतरी अडकलं. मधे एका ठिकाणी रानाची वर्णनं लांबतात, तिथे मी दोन पानं गाळली. खोटं कशाला बोलू.

---

जुनेरं

वडिलांना पुढचं काय वाचून दाखवावं हे शोधायलाच खरं तर इथे आलो होतो. 'रिंगाण'ची बोली माझ्या जिभेला झेपणार नाही, ते हसतील. लहान पुस्तक हवं आहे. हल्ली त्यांना आदल्या आठवड्यातलं नीट आठवत नाही.

---

अर्ध्यावरचा

'रणांगण' बघा, विश्राम बेडेकर, 1939. अगदी बारीक पुस्तक. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी हॅर्टा. महायुद्ध तोंडावर आलेलं. वाक्यं छोटी आहेत, वाचताना धाप लागणार नाही. मीसुद्धा ते पूर्ण केलंय, यावरून काय ते समजा. फक्त शेवटाकडची पत्रं आधी एकट्याने वाचून घ्या.

---

जुनेरं

आणलं. पत्रं आधी वाचली नाहीत. काल तिथवर पोचलो आणि माझा आवाज बसला. वडील म्हणाले, पाणी पी, मी थांबतो.