इंग्रजी वाक्य पाठवायच्या आधी कुणाच्या कानानं ऐकायचं?

उद्यमबागवाला:
बेळगावात कास्टिंगच्या कारखान्यात एक्स्पोर्टचे मेल मी लिहितो. मागं जर्मनीच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, 'वुई विल रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग बाय मंडे'. म्हणायचं होतं सोमवारपर्यंत कळवतो, पण तिकडं रिव्हर्ट म्हणजे पहिल्यावर परत जाणं, त्यांना वाटलं आम्ही नवीन ड्रॉइंग सोडून जुन्यावर चाललोय, दोन दिवस पॅटर्नचं काम अडकलं. तेव्हापासून शंका आली की तपासल्याशिवाय मी मेल सोडत नाही, आणि सगळ्यांनी तसंच करावं.

खानापूरकर:
नाही पटलं. 'डू द नीडफुल', म्हणजे योग्य ते करावं, हे आमच्या आजोबांच्या अर्जात पण होतं, आणि ते आपण काढलेलं नाही, इंग्रजच लिहायचे, त्यांनी सोडलं आपण ठेवलं. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडं आणणं, तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. पुण्याला आपल्या 'बस की', 'ये की'ला हसतात म्हणून आपलं मराठी चुकीचं झालं काय? प्रत्येक वेळी साहेबाला कशाला विचारायचं?

उद्यमबागवाला:
'बस की' ऐकून पुण्याचा माणूस बसतोच की ओ, उभा राहत नाही. माझ्या रिव्हर्टचा अर्थच उलटा लागला, फरक तिथं आहे.

निपाणीच्या बाई:
मी पोरांना सांगते, वाक्य अवतरणचिन्हात घालून गूगलवर टाका, किती रिझल्ट येतात बघा.

उद्यमबागवाला:
बाई, त्या आकड्यावर जाऊ नका, तो अंदाजे असतो. 'डिस्कस अबाउट' टाका, ढिगानं येतंय, म्हणून बरोबर होत नाही, डिस्कसला अबाउट लागतच नाही. कुठल्या देशातल्या कुणी लिहिलंय ते उघडून वाचा. पुस्तकांत शब्द किती येतो ते दाखवणारा गूगलचा एनग्रॅम आहे २०१० पासून, त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकं वेगळी बघता येतात, पण तो नुसतं प्रमाण दाखवतो, अर्थ नाही, रिव्हर्ट तिथं भरपूर सापडेल आणि तुम्ही फसाल. मी 'कोका' नावाचा ऑनलाइन संग्रह वापरतो, १९९० ते २०१९ चं अमेरिकन इंग्रजी, शंभर कोटी शब्द, शब्दाच्या मागंपुढं काय आलंय ते ओळीनं दिसतंय. दहा ओळी वाचल्या की कळतंच, रिव्हर्ट 'कळवतो' म्हणून कोण वापरत नाही.

खानापूरकर:
अर्थ उलटा लागत असला तर बदला, तेवढं मान्य. पण हल्ली बेळगावातल्या बेळगावात बँकेला अर्ज करताना पण लोक नीडफुल खोडायला लागलेत. तिथला साहेब हुक्केरीचा, लिहिणारा येळ्ळूरचा, दोघांना बरोबर कळतंय, मग खोडायचं कुणासाठी?