टाळेबंदीत तुमच्या कानांनी काय टिपलं?

मार्च २०२० च्या अखेरीस एका सकाळी मला बाहेरच्या खोलीत बसून स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू आला. फ्रिज जुनाच, पण तो इतका घरघरतो हे तोवर कधी जाणवलंच नव्हतं. रहदारी थांबली आणि आजवर दबलेले आवाज वर आले. तुम्हाला काय ऐकू आलं? आठवेल तसं लिहा.

—

पक्षी वाढलेत, असं तेव्हा सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटलं होतं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिमण्यांवरचं संशोधन वाचलं. त्या वसंतात त्या आवाज उतरवून गात होत्या, तरी त्यांचं गाणं दुप्पट अंतरावर पोचत होतं. म्हणजे एरवी बिचाऱ्या गाड्यांवर आवाज चढवून गातात! वाचून फार वाईट वाटलं.

—

मी परिचारिका आहे. शांततेच्या आठवणी वाचायला छान वाटतं, पण आमच्या वाट्याला ती आली नाही. मॉनिटरची अखंड टिकटिक, आणि अंगभर घालायच्या त्या संरक्षक किटमध्ये स्वतःचाच श्वास कानात. मास्कमुळे ओठ दिसत नसत, म्हणून पेशंटचं बोलणं दोनदोनदा विचारावं लागे. धाप लागलेल्या माणसाला पुन्हा बोलायला लावणं जिवावर यायचं.

—

सायरन. एरवी गोंगाटात तो अगदी जवळ आल्यावर कळायचा. तेव्हा पार लांबून ऐकू येई आणि आम्ही अंथरुणात उठून बसायचो. पुढे गेला की हुश्श. एका रात्री तो आमच्याच इमारतीखाली येऊन बंद झाला. शेजारच्या काकांना नेलं, ते परत आले नाहीत. आजही सायरन वाजत असतो तोवर मी ठीक असते, थांबला की छातीत धस्स होतं.

—

मला दिसत नाही. रस्ता कुठल्या दिशेने जातो, चौक किती पुढे आहे, हे मी गाड्यांच्या आवाजावरून ओळखतो. टाळेबंदीत औषध आणायला निघालो आणि रोजच्या रस्त्यावर चुकलो. हाक मारली तर माणसं दुरूनच सांगायची, ‘डावीकडे, डावीकडे’. हात धरायला कोणी धजावत नव्हतं, त्यांचाही इलाज नव्हता. काही आठवड्यांनी बस सुरू झाली. पहिली बस कोपऱ्यावर वळली, तिने गियर बदलला, आणि चौक कुठे आहे ते मला पुन्हा कळलं.