फ्लॅट वाकडला, मालक बंगळूरला, किल्ली मॅनेजरकडे: मॅनेजर ठेवावा की काढावा?

बंगळूरवासी (धागाकर्ता)

पुण्यात वाकडला माझा टू बीएचके आहे. नोकरीमुळे ६ वर्षं बंगळूरला असतो. फ्लॅट बघायला एक मॅनेजर ठेवलाय. भाडं २६,०००. त्यातले दरमहा ८ टक्के त्याचे, आणि नवा भाडेकरू आणला की वर एका महिन्याचं भाडं. म्हणजे भाडेकरू बदलला त्या वर्षी ५१ हजारांच्या आसपास त्याच्या खिशात.

मार्चमध्ये बिल आलं: नवीन गीझर, बसवण्यासकट ९,८००. मी मुकाट भरलं. मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, त्यांच्या बाथरूमच्या छताचे पोपडे निघालेत. मग मी भाडेकरूला पहिल्यांदाच फोन केला. (नंबरसुद्धा त्या काकूंकडूनच घेतला. हसू नका.) तो म्हणाला, "सर, मी डिसेंबरपासून सांगतोय तुमच्या माणसाला." त्याला बाथरूमचा व्हिडिओ काढायला सांगितलं. व्हिडिओत गीझर दिसला. उजव्या कडेला पोचा. तो पोचा सामान चढवताना मीच पाडलेला आहे.

माझं मत स्पष्ट आहे, मॅनेजर नकोच. भाडं थेट माझ्या खात्यात आणि दुरुस्ती मी फोनवरून बघेन. कुणाला उलट वाटत असेल तर कारणासकट सांगा.

निवृत्त मास्तर

उशिरा का होईना, जाग आली. माझी ३ घरं २२ वर्षं भाड्याने आहेत, मध्ये एकही माणूस नाही. भाडेकरूची बायको मला काका म्हणते आणि नळ गळला की त्याच दिवशी कळवते. अरे, ज्याचं भाडं खातोस त्याचा आवाज तरी ओळखीचा असावा!

मॅनेजरच्या हिशेबात सोसायटीचा नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसला की लागतो तो) किती लावलाय तेही बघ. सहकारी सोसायटीला तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, २००१चा शासन निर्णय आहे. सोसायटीची पावती माग, मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नको.

चाव्यांचा जुडगा

पूर्ण असहमत, आणि आधीच सांगते की मी हेच काम करते. औंध ते पिंपळे सौदागर मिळून २३ फ्लॅट बघते.

गीझरचं जे केलं ती चोरीच आहे, त्याची बाजू घेत नाही. पण तुमचे ८ टक्के म्हणजे महिन्याला २,०८०. तेवढ्यात रविवारी रात्री अकराला "ताई, लॅच लागला, किल्ली आत" हा फोन मी घेते. वॉचमन, सोसायटीचा सेक्रेटरी, "मी कधी येईन सांगता येत नाही" म्हणणारा प्लंबर, सगळ्यांशी मीच बोलते. मास्तरांचं ठीक आहे, त्यांची घरं सायकलवर जाता येईल इतकी जवळ असणार.

आता धागाकर्त्यांना एक सरळ प्रश्न. मॅनेजरने तुम्हाला गळतीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं? चॅट उघडून बघा आणि खरं सांगा. कारण माझा अनुभव असा, की १,२०० रुपयांच्या कामाला मालक "बघू" म्हणतात आणि चार महिन्यांनी छत पडलं की मॅनेजर बेजबाबदार.

बंगळूरवासी

बघितलं. १४ जानेवारी. "सर बाथरूममध्ये थोडं काम निघतंय, १८ ते २० लागतील." खाली माझं उत्तर आहे: "बघू."

पण त्याने गळती हा शब्द वापरला नव्हता. फोटो नाही, खालच्या काकूंचा उल्लेख नाही. "थोडं काम" वाचून २० हजार कोण पाठवेल?

चाव्यांचा जुडगा

कोणीच नाही. पण "कसलं काम?" एवढं तरी कोण विचारेल? तुम्ही.

अकरा महिन्यांचा पाहुणा

भाडेकरूच्या बाजूने थोडं. तुमच्या या भांडणात बादली आम्ही लावतो. मागच्या घरी मालक दुबईला होते, मॅनेजर फोन उचलायचा नाही, आणि घर सोडताना त्याच मॅनेजरने रंगाचे म्हणून १५ हजार डिपॉझिटमधून कापले. भिंतीचा रंग ओल आल्यामुळे गेला होता, आणि ओलीची तक्रार मीच केली होती! मालकांशी शेवटपर्यंत बोलणं झालं नाही.

मॅनेजर ठेवा नाहीतर नका ठेवू. मालकाचा नंबर करारावर असतो, पण तो चालू आहे का एवढं बघा.

स्टॅम्पपेपर

सगळे गीझरवर अडकलेत. धागाकर्ते, करार नोंदणीकृत आहे का?

बंगळूरवासी

मॅनेजरने ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलाय. म्हणाला ११ महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही.

स्टॅम्पपेपर

वाटलंच होतं. महाराष्ट्रात ११ महिन्यांची ती पळवाट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे तुमच्यासारखा ठरावीक मुदतीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मॅनेजरची नाही, भाडेकरूचीही नाही. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध करायचं काम तुमचं. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि हे सगळं कशासाठी वाचवलं? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ११ महिन्यांचं भाडं २,८६,०००. डिपॉझिट लाखभर धरा, त्याचं १० टक्क्यांनी मानीव (मिळालं असं धरलेलं) व्याज मिळवा. शुल्क ७५० च्या आत येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. आधार आणि अंगठा लावून ऑनलाइन होतं, पुण्याला यावं लागत नाही.

उद्या भाडेकरू मुदत संपल्यावर हटून बसला तर नोंदणीकृत करारावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, मुदतीनंतरच्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने मागता येतं. मला मॅनेजरचा राग याच्यासाठी येतो. गीझर ९,८००चा आहे, पण नोटरीने तुम्हाला उघड्यावर ठेवलंय.

निवृत्त मास्तर

+१. आणि नव्या भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवली का तेही बघ.

सिंगापूरकर

मास्तर आणि धागाकर्ते दोघांनाही विरोध. बंगळूर-पुणे एका रात्रीची बस आहे, तुम्हाला "मी बघेन" म्हणणं परवडतं. मी १२ वर्षं बाहेर. स्वतः करण्याचा प्रयोग दीड वर्ष केला. भाडेकरूचा फोन यायचा तेव्हा मी मीटिंगमध्ये, मी परत करायचो तेव्हा तो ऑफिसात. शेवटी भावाला गळ घातली, आणि भावाशी बिघडलं. मॅनेजरशी बिघडलं तर माणूस बदलता येतो, भाऊ बदलता येत नाही.

आता माणूस ठेवलाय, पण मुखत्यारपत्र मोजकं: कराराची नोंदणी, सोसायटी, पोलीस. पैसे त्याच्या हातात जात नाहीत. भाडेकरू टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून उरलेलं माझ्या खात्यात भरतो (मालक अनिवासी असेल तर ३० टक्के आणि वर उपकर कापावा लागतो, बरेच भाडेकरू हे ऐकूनच पळतात), आणि मी मॅनेजरला वेगळी फी देतो. ३,००० पर्यंतचं काम न विचारता करायचं, जुन्या वस्तूचा आणि नव्या वस्तूचा फोटो पाठवायचा. त्यावर असेल तर फोन.

चाव्यांचा जुडगा

ही मर्यादा मला माझ्या २३ मालकांकडून लेखी हवीये. ५ जणांनीच दिली.

फीबद्दल मात्र, भाड्याच्या टक्क्यांऐवजी ठरावीक रक्कम द्या. भाडं २६चं २८ झालं म्हणून माझं काम वाढत नाही. पण घर रिकामं असताना फी थांबवता, तेव्हा किल्ली घेऊन दहा जणांना दाखवायला जाते ते कोण मोजतं?

बंगळूरवासी

तीन आठवड्यांनी लिहितोय. काकूंच्या ओळखीचा प्लंबर आला. नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालचा भाग) बाजूचा सांधा सुटला होता. फरशी फोडून वॉटरप्रूफिंग, काकूंच्या छताचा रंग, सगळं मिळून २३,४००. जानेवारीत केलं असतं तर छताचा रंग तरी वाचला असता, हे जुडगाताईंना मान्य करतो.

करार नव्याने नोंदवला, भाडेकरू लगेच तयार झाला. मॅनेजरकडे गीझरचं दुकानाचं बिल मागितलं. "चुकून दुसऱ्या फ्लॅटचं तुम्हाला लागलं" म्हणून त्याने ९,८०० परत पाठवले. त्या दुसऱ्या फ्लॅटच्या मालकाला हे कोणी सांगेल का?

त्याला काढला. दुसरा शोधतोय, ठरावीक फी आणि सिंगापूरकरांची ३,००० ची अट. म्हणजे धाग्यातलं माझंच मत मी अर्धं मागे घेतोय.

निवृत्त मास्तर

किल्ल्या परत घेतल्यास का?

बंगळूरवासी

हो. दोन दिल्या.

बिल्डरने तीन दिल्या होत्या.