आठ की सहा? बी विंगचा कापलेला गुण

जोशी (बी ५०२): नमस्कार मंडळी. रात्रभर थांबलो, मग लिहितोय. प्रश्नमंजुषेच्या शेवटच्या फेरीत बी विंगचा एक गुण कापला आणि त्याच एका गुणाने ढाल ए विंगकडे गेली. प्रश्न मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओचा होता, किती वजनगटांत जगज्जेता. आमचं उत्तर सहा, समितीचं आठ. सहा चूक कसं, एवढंच समितीने सांगावं. मागच्या वर्षीचं मी काढत नाही.

सावंत (ए १०१, सांस्कृतिक समिती): जोशी काका, निकालानंतर हरकत नाही हे आधीच ठरलं होतं. तुमचा मान ठेवून सांगते, उत्तर आठच आहे. कुठेही बघा.

जोशी (बी ५०२): 'कुठेही बघा' हे काही उत्तर झालं नाही मॅडम. मुख्य संघटना चार. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. यांचे जगज्जेतेपदाचे पट्टे त्याने ११२, १२२, १३०, १३५, १४७ आणि १५४ पौंडांत जिंकले. मोजा. सहा.

अनघा (ए ७०३): काका, १२६ आणि १४० राहिले ना.

जोशी (बी ५०२): राहिले नाहीत, मुद्दाम धरले नाहीत. त्या दोन गटांत या चौघांपैकी एकाचाही पट्टा त्याच्याकडे नव्हता.

शिंदे सर (सी ३०२): जोशीबुवांचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा. १२६ म्हणजे फेदरवेट. १५ नोव्हेंबर २००३, सॅन अँटोनियो, समोर मार्को अँटोनियो बॅरेरा. बॅरेराने २००१ मध्ये नसीम हमेदला हरवलं होतं आणि त्या गटाचा खरा राजा तोच मानला जात होता. त्याच्याकडे संघटनेचा पट्टा नव्हता, 'द रिंग' या मुष्टियुद्धाच्या मासिकाचा होता. पॅकियाओने त्याला ११ व्या फेरीत थांबवलं. आता ही लढत जगज्जेतेपदाची नव्हती म्हणायचं? १४० ला तसाच रिकी हॅटन. २ मे २००९, दुसऱ्या फेरीला एक सेकंद उरला असताना एकच डावा हुक, आणि हॅटन पाठीवर. तिथे 'द रिंग'चा आणि आयबीओ या चौघांबाहेरच्या संघटनेचा पट्टा होता. हॅटनने २००५ मध्ये कोस्त्या झू याला हरवून ती जागा मिळवली होती. पट्टा कुणाचा हे एक, आणि गटात पहिला कोण हे दुसरं.

पाटील (बी २०४): मुद्दा वेगळा आहे. पॅकियाओचं कौतुक सगळे करतात, रॉय जोन्सचं कुणी बोलत नाही. मिडलवेट १६० पासून हेवीवेटपर्यंत. मार्च २००३, समोर जॉन रुईझ २२६ पौंड, जोन्स १९३. ३३ पौंडांचा फरक आणि १२ फेऱ्या गुणांवर जिंकला. आठ गट गेले चुलीत.

अनघा (ए ७०३): पाटील काका, आणि नंतर काय झालं तेही लिहा की. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत १७५ ला उतरला, अँटोनियो टार्व्हरविरुद्ध कसाबसा जिंकला, आणि मे २००४ मध्ये टार्व्हरनेच दुसऱ्या फेरीत झोपवला. वर चढवलेले स्नायू उतरवून खाली यायचं म्हणजे पाय आणि वेग दोन्ही जातात. पॅकियाओ १५४ चा पट्टा घेऊन १४७ ला परतला तेव्हा त्याला असं काही उतरवावं लागलं नाही. फरक तिथेच आहे.

जोशी (बी ५०२): विषय भरकटतोय. चार संघटना, सहा गट: ११२, १२२, १३०, १३५, १४७, १५४. सहा चूक कसं?

देशमुख (बी ४०१): बी विंगची लिफ्ट अडकली आहे का? दहा मिनिटं झाली.

देसाई (सचिव): माणूस येतोय. 🙏

नाईक काकू (सी १०४): मला यातलं कळत नाही, पण विचारते. वजनगट म्हणजे तेवढं वजन असायलाच हवं ना? मग एकच माणूस इतक्या गटांत कसा?

शिंदे सर (सी ३०२): काकू, प्रश्न चांगला आहे. गटाचा आकडा ही वरची मर्यादा असते. १५४ च्या गटात १५४ पेक्षा जास्त भरायचं नाही, कमी भरलं तर चालतं. वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतात. जास्त भरलं तर साधारण दोन तास मिळतात उतरवायला. तरीही नाही उतरलं तर गतविजेत्याचा पट्टा तराजूवरच जातो, लढत न होता. पॅकियाओचं हे झालेलं आहे. ११२ चा डब्ल्यूबीसी पट्टा डिसेंबर १९९८ मध्ये थायलंडमध्ये चॅटचाय सासाकुलला आठव्या फेरीत पाडून घेतला. सप्टेंबर १९९९ मध्ये मेडगोएन सिंगसुरातविरुद्ध वजन जास्त भरलं, पट्टा गेला, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत पोटावरच्या ठोशाने तो स्वतःही पडला. विशीतलं शरीर ११२ मध्ये मावत नव्हतं. तिथून तो थेट १२२ ला गेला. जून २००१, लास वेगास, आयबीएफ विजेता लेडवाबा. मूळ प्रतिस्पर्धी गळाल्यामुळे पॅकियाओला बोलावलं ते दोन आठवडे आधी. सहाव्या फेरीत संपवलं. प्रशिक्षक फ्रेडी रोचकडे तो नुकताच आला होता.

सावंत (ए १०१): शिंदे सर, धन्यवाद. म्हणजे आठ बरोबर.

शिंदे सर (सी ३०२): मॅडम, मी अजून तसं म्हटलेलं नाही.

कुलकर्णी (ए ६०२): आदल्या दिवशी वजन घेतात यातच सगळी मेख आहे. वजन उतरवतात म्हणजे चरबी नव्हे, पाणी. आठवडाभर आधी पिष्टमय पदार्थ आणि मीठ कमी. स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असतं, साठा संपला की ते पाणीही जातं. शेवटच्या दिवशी पिणं बंद, अंगात घामाचा सूट, गरम पाण्याचा टब किंवा सौना. एक लिटर घाम म्हणजे एक किलो. तराजूवरून उतरल्याबरोबर क्षार घातलेलं पाणी घोट घोट, मग जेवण. एकदम ढोसलं तर पोट धरत नाही. एका रात्रीत तराजूवरचा आकडा परत येतो, पण पाणी स्नायूंत पूर्ण मुरलेलं नसतं. सातव्या आठव्या फेरीत पाय जड होतात ते यामुळे. आयबीएफने म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घ्यायला लावलं, मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त चढायचं नाही.

नाईक काकू (सी १०४): मुलं ग्रुप वाचतात हो. करून बघू नका हेही लिहा.

कुलकर्णी (ए ६०२): लिहितो काकू. कुणीही करू नये. पाणी उतरलेल्या शरीराने डोक्यावर मार खाणं हा या खेळातला सगळ्यात वाईट धोका आहे, आणि मूत्रपिंडावरचा ताण वेगळाच.

अनघा (ए ७०३): आणि पॅकियाओ हे करत नव्हता, हेच त्याचं गणित होतं. वरच्या गटांत त्याला वजन उतरवावं लागलं नाही, टिकवायला खावं लागलं. पहिली लढत जानेवारी १९९५, वय १६. वजन भरत नव्हतं म्हणून खिशात वजनं घालून तराजूवर उभा राहिलो, असं त्यानेच सांगितलंय. समोरचे मात्र पिळून आलेले असायचे. डिसेंबर २००८, ऑस्कर डे ला होया. मर्यादा १४७, ऑस्कर भरला १४५, म्हणजे गरजेपेक्षाही दोन पौंड खाली. २००१ नंतर तो १४७ ला लढलाच नव्हता. पॅकियाओ १४२. आठ फेऱ्यांनंतर ऑस्कर स्टुलावरून उठला नाही.

पाटील (बी २०४): त्या लढतीत पट्टा नव्हता. ती कशाला मध्ये आणता?

अनघा (ए ७०३): नव्हताच पट्टा. वजनाचं उदाहरण म्हणून सांगितलं, काका. १३५ चा पट्टा त्याच्या पाच महिने आधी डेव्हिड डियाझकडून घेतला होता, नवव्या फेरीत. १३० चा त्याआधी मार्चमध्ये, हुआन मॅन्युएल मार्केझविरुद्ध, तोही दोन विरुद्ध एक पंच. मार्च ते डिसेंबर, एका वर्षात १३० वरून १४७.

जोशी (बी ५०२): सगळं मान्य. चार संघटना, सहा गट. सहा चूक कसं? तिसऱ्यांदा विचारतोय, नम्रपणे.

सावंत (ए १०१): काका, चौथ्यांदा. आणि नम्रपणाचं आम्हीच सांभाळतोय दोन दिवस.

देसाई (सचिव): कृपया वैयक्तिक नको.

अनघा (ए ७०३): जोशी काका, तुमच्याच काटेकोर पद्धतीने मोजायचं तर १५४ पण तपासा. नोव्हेंबर २०१०, समोर अँटोनियो मार्गारितो. करारात मर्यादा १५४ नव्हती, १५० ठेवली होती. पॅकियाओ भरला १४४.६. म्हणजे वेल्टरवेटच्या (१४७) मर्यादेच्याही आत असलेल्या माणसाने त्याच्या वरच्या गटाचा, तोही रिकामा असलेला, डब्ल्यूबीसी पट्टा घेतला. मिगेल कोटोविरुद्ध १४७ च्या पट्ट्यासाठीसुद्धा करार १४५ चाच होता. आता सहाचे किती उरले?

जोशी (बी ५०२): पट्टा संघटनेने दिला, तो मोजला जाईल. करार काहीही असो.

अनघा (ए ७०३): मग मासिकाने दिलेला का नाही?

जोशी (बी ५०२): कारण मासिक हे संघटना नाही!!

शिंदे सर (सी ३०२): दोघेही थांबा जरा. मार्गारितोची लढत म्हणजे नुसता करार नव्हता. तराजूवर तो १५०, दुसऱ्या रात्री रिंगमध्ये १६५. एका दिवसात १५ पौंड, जवळजवळ सात किलो. पॅकियाओ १४४.६ वरून १४८. म्हणजे तराजूवर ५.४ पौंडांचा फरक, घंटा वाजली तेव्हा १७ चा. उंचीतही साधारण साडेपाच इंचांचं अंतर. तो आत शिरायचा कसा ते पाहा. डावखुरा, उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पावलाच्या बाहेर, तिथून सरळ डावा, आणि समोरचा हात परत खेचेपर्यंत हा बाजूला. एका जागी उभं राहून दोघांनी मारामारी केली असती तर १७ पौंडांनी निकाल लावला असता. मार्गारितोच्या उजव्या डोळ्याची खोबण मोडली. त्या रात्रीला कुणी खोटं म्हणू नये.

कुलकर्णी (ए ६०२): पण सर, किंमतही मोजली त्याने. नोव्हेंबर २००९ ला कोटोला १२ व्या फेरीत थांबवलं, त्यानंतर नॉकआउट थेट जुलै २०१८, क्वालालंपूर, मथिसे. मधली जवळजवळ नऊ वर्षं एकही नाही. १२६ ला जो ठोसा झोपवत होता तो १४७ च्या मोठ्या हाडाच्या माणसाला फक्त हलवतो. वेग वर नेता येतो, हाडं नेता येत नाहीत. मार्केझने डिसेंबर २०१२ मध्ये सहाव्या फेरीत त्याला पालथा पाडला तोही १४७ लाच.

पाटील (बी २०४): हेच मी जोन्सबद्दल म्हणत होतो.

अनघा (ए ७०३): नव्हता म्हणत काका. पण ठीक आहे.

पाटील (बी २०४): आणि हेन्री आर्मस्ट्राँग? १९३८ मध्ये फेदर, लाइट आणि वेल्टर, तिन्ही पट्टे एकाच वेळी. तेव्हा मुख्य गटच आठ होते. आज सतरा-अठरा गट, प्रत्येकात चार पट्टे. त्या हिशेबाने आठही स्वस्त आणि सहाही.

शिंदे सर (सी ३०२): आर्मस्ट्राँगबद्दल वाद नाही, नमस्कार आहे. पण पॅकियाओचं स्वस्त म्हणू नका. ११२ म्हणजे ५०.८ किलो, १५४ म्हणजे ६९.९. १९ किलोंचा पल्ला, आणि वाटेत बॅरेरा, मोरालेस, मार्केझ, हॅटन, कोटो. सोपी माणसं वेचलेली नाहीत. मोरालेसकडून २००५ मध्ये हरला, २००६ मध्ये दोनदा त्याला थांबवलं. आणि ४० व्या वर्षी, जुलै २०१९, अपराजित कीथ थर्मनला पहिल्याच फेरीत खाली बसवून डब्ल्यूबीएचा वेल्टरवेट पट्टा घेतला. पहिल्या पट्ट्यानंतर जवळजवळ २१ वर्षांनी.

नाईक काकू (सी १०४): ५१ किलोचा मुलगा ७० च्या गटात. हे मला आत्ता कळलं.

देशमुख (बी ४०१): लिफ्ट सुरू झाली. धन्यवाद देसाई.

जोशी (बी ५०२): प्रश्नाची चिठ्ठी ग्रुपवर टाका. शब्द काय होते ते बघू. बाकी चर्चा नको.

सावंत (ए १०१): टाकते. लपवण्यासारखं काही नाही. चिठ्ठीवर असं आहे: 'मॅनी पॅकियाओने किती वजनगटांत विजेतेपद मिळवले?' एवढंच.

शिंदे सर (सी ३०२): मग चूक प्रश्नात आहे. 'विजेतेपद' एवढंच लिहिलं तर आठ हेच रूढ उत्तर आणि तेच बरोबर. 'चार मुख्य संघटनांचे' हे शब्द असते तर सहा. जोशींच्या संघाने न लिहिलेले शब्द वाचले, आणि समितीने ते स्पष्ट केले नाहीत. अशा प्रश्नात वजन, पट्टा आणि संघटना तिन्ही लिहायला हवं. खेळाचा कारभारच असा आहे की एका गटात चार-चार राजे असतात.

जोशी (बी ५०२): म्हणजे सहा चूक नाही.

सावंत (ए १०१): म्हणजे आठ बरोबर.

देसाई (सचिव): समितीशी बोललो. प्रश्न रद्द. ढाल सहा महिने ए विंगकडे, सहा महिने बी विंगकडे. सावंत मॅडमची तयारी आहे. जोशी काका, पुढच्या वर्षी खेळांचे प्रश्न तुम्ही आणि शिंदे सरांनी काढावेत ही विनंती.

जोशी (बी ५०२): मान्य. पहिले सहा महिने बी विंगकडे असावी, एवढंच म्हणणं. आणि पुढच्या वर्षीचा पहिला प्रश्न आत्ताच देतो, शब्द मोजून. पॅकियाओने ११२ पौंडांचा डब्ल्यूबीसी पट्टा गमावल्यावर १२२ पौंडांच्या आयबीएफ पट्ट्याकडे जाताना मधले कोणते दोन गट वगळले?

अनघा (ए ७०३): ११५ आणि ११८, काका. सुपर फ्लायवेट आणि बॅन्टमवेट.

जोशी (बी ५०२): बरोबर. आता हा बाद, दुसरा काढतो.