कर्क्युमिनने नायट्राइट शून्यावर, गुळवेलीने उलट वाढतंय

नेरूळची_एमएस्सी
रॉ २६४.७ पेशी (उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी), ९६ खणांची प्लेट, खणात ५०,०००. मीडियम (पेशींचं पोषक द्रव) सीरमशिवाय (रक्तद्रव न घालता). हळदीतलं कर्क्युमिन (डीएमएसओ या विद्रावकात १० मिलिमोलर स्टॉक, म्हणजे तीव्र द्रावण) १ तास आधी, मग एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं, पेशींना चिथावणारं द्रव्य) १०० नॅनोग्रॅम/मिली, २४ तासांनी ग्रीस (सुजेची खूण असलेलं नायट्राइट मोजणारी रंगचाचणी). ४० मायक्रोमोलरला नायट्राइट जवळजवळ शून्य, तरी एमटीटीत (जिवंत पेशी द्रव्य जांभळं करतात, ती चाचणी) ९५ टक्के पेशी जिवंत! कंट्रोलला नुसतं मीडियम आणि एलपीएस. दुसरं कोडं: आवारातल्या कडुलिंबावरच्या गुळवेलीचा पाण्यातला अर्क ०.२२ मायक्रॉनने गाळून घातला, तर एलपीएस नसतानाही नायट्राइट वाढतंय. कुठे चुकतंय?

पेशीघर_ठाणे
आधी डीएमएसओ बघा. १० मिलिमोलरमधून ४० मायक्रोमोलर करायला मिलीमागे ४ मायक्रोलिटर लागतात, म्हणजे ०.४ टक्के, आणि तुमच्या कंट्रोलला शून्य. ही तुलनाच होत नाही. ४० मिलिमोलर स्टॉक करा: १ मिली डीएमएसओत १४.७ मिग्रॅ. मग सगळ्या खणांत, कंट्रोललाही, ०.१ टक्काच ठेवा. बाटली घट्ट बंद हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं. मीडियममध्ये घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पिवळे-नारिंगी कण दिसले तर औषध विरघळलेलंच नाही, तो डोस सोडा.

त्या ९५ टक्क्यांवर विसंबू नका. कर्क्युमिन स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतं, मेलेल्या पेशीही जिवंत वाटतात. पेशी नसलेल्या खणांत कर्क्युमिन आणि एमटीटी लावून बघा, पेशींचे खण एमटीटीआधी पीबीएसने (क्षारद्रावण) दोनदा धुवा, शेजारी ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच चढणारा रंग) मोजा. माझा अंदाज, ४० ला पेशी मरताहेत. ५, १०, २० वर काम करा.

ऐरोली_लॅब
सीरमचंही बघा. सीरम नसेल तर ३७ अंशांवर अर्ध्या तासात बहुतेक कर्क्युमिन तुटून जातं. तुमच्या १ तासाच्या पूर्वउपचारानंतर एलपीएस पडतं तेव्हा खणात मुख्यतः त्याचे तुकडेच असतात. १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम) ठेवा, प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा.

कर्क्युमिन ग्रीसच्या रंगातच ढवळाढवळ करतंय का, त्याची परीक्षा सोपी आहे: पेशींशिवाय मीडियममध्ये २० मायक्रोमोलर सोडियम नायट्राइट, एका नळीत कर्क्युमिनसह, एकीत शिवाय. ५४० नॅनोमीटरला दोन्ही सारखे वाचले तरच पुढचे आकडे ग्राह्य. स्टँडर्ड वक्रही त्याच मीडियममध्ये काढा, पाण्यात नको.

पेशीघर_ठाणे
गुळवेलीबद्दल: फिल्टर जिवाणू अडवतो, एंडोटॉक्सिन (म्हणजे जिवाणूंचं एलपीएसच) नाही. ते ऑटोक्लेव्हनेही जात नाही. काचेची भांडी २५० अंशांवर ३० मिनिटं भाजावी लागतात. काडीच्या सालीवरची माती अर्कात उतरली की तुम्ही नकळत एलपीएसच घालताय.

नेरूळची_एमएस्सी
मग पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं प्रतिजैविक) लावून बघू का? किती घालायचं?

पेशीघर_ठाणे
१० मायक्रोग्रॅम/मिली. चार खण हवेत: अर्क, अर्क + पॉलिमिक्सिन, एलपीएस, एलपीएस + पॉलिमिक्सिन. चौथ्यात नायट्राइट पडायलाच हवं, नाहीतर पॉलिमिक्सिन निकामी. चौथ्यात पडलं आणि दुसऱ्यात पडलं नाही, तर वाढ बहुधा वेलीचीच: गुळवेलीतलं अरॅबिनोगॅलॅक्टन (साखरेच्या रेणूंची साखळी) टीएलआर४ (एलपीएस ओळखणारा पेशीवरचा ग्राहक) मार्गे मॅक्रोफेज उत्तेजित करतं. पाण्याच्या अर्कात ते भरपूर उतरतं. सूज कमी करणारे घटक हवे असतील तर मिथेनॉलचा अर्क वेगळा करून तपासा.

ऐरोली_लॅब
आणि पेशी खरवडून काढा, ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) नको. पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवल्याची खेप) २० च्या पुढे गेला असेल तर गोठवलेली जुनी नळी उघडा. एलपीएसला प्रतिसादच मंदावतो.