थॅलेसेमिया तपासणीत पितृत्वाविषयी अनपेक्षित माहिती निघाल्यास ती कोणाला सांगावी? संमतीपत्रासाठी मदत हवी आहे

नमस्कार. थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या पालकांच्या एका स्थानिक गटासाठी मी मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र लिहीत आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी घरातच दाता मिळतो का हे पाहण्याकरता शिबिरात मूल, भावंडे आणि आईवडील यांची एचएलए तपासणी (दाता आणि रुग्ण यांच्या ऊती जुळतात का हे पाहणारी तपासणी) होणार आहे. मसुदा एका परिच्छेदापाशी अडला असून तिथे डॉक्टर, जनुकीय समुपदेशक आणि वकील यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मूल एचएलए जनुकांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून घेते. वडील म्हणून आलेल्या पुरुषाचा कोणताच संच मुलात आढळला नाही, तर तो बहुधा जैविक पिता नाही, ही गोष्ट कोणी विचारलेली नसतानाही प्रयोगशाळेच्या नजरेस येते. वाहक (सदोष जनुक एकाच बाजूने आलेली, स्वतः आजारी नसलेली व्यक्ती) शोधणाऱ्या तपासणीतही असा प्रसंग येतो, कारण मेजर मुलाचे दोन्ही पालक सहसा वाहक असतात आणि वडील तसे निघाले नाहीत तर शंका येते. मात्र तिथे घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे: वाहकात सहसा वाढलेले आढळणारे हिमोग्लोबिन ए-टूचे प्रमाण लोहाची कमतरता असल्यास कमी दिसू शकते आणि काही सौम्य उत्परिवर्तनांत ते मुळातच वाढलेले नसते. रक्तगटावरून पितृत्व ठरवणाऱ्यांना तर 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला बॉम्बे रक्तगट आठवून द्यावासा वाटतो, कारण ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक असूनही साध्या तपासणीत ‘ओ’ दिसणाऱ्या अशा पित्याचे मूल ‘एबी’ गटाचेही असू शकते.

आता नैतिक प्रश्न. ‘संसार मोडेल, म्हणून डॉक्टरांनी गप्प राहावे’ असे गटातील अनेक ज्येष्ठांचे मत आहे, आणि त्यामागची कळकळ मला समजते. तरीही हे मौन निरुपद्रवी नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के असते. पण पती वाहकच नसेल, तर त्याच्यापासून होणाऱ्या मुलाला हा धोका जवळजवळ नसतो. खरी गोष्ट दडवून त्या स्त्रीला ‘25 टक्के’ सांगितले, तर ती गर्भजल किंवा वारेच्या पेशींची तपासणी विनाकारण करून घेईल, किंवा दुसरे मूल होऊ देण्याचा विचारच सोडून देईल. तिच्या भल्यासाठी म्हणून तिचाच निर्णय चुकीच्या माहितीवर उभा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला कळत नाही. दुसरीकडे, हीच माहिती पतीच्या हाती अहवालाच्या कागदावर पडली तर मारहाण, घराबाहेर काढणे आणि आजारी मुलाचे उपचार थांबणे, हे सर्व शक्य आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने 1994 मध्ये ही माहिती आईला द्यावी, तिच्या जोडीदाराला आपणहून देऊ नये, अशी शिफारस केली होती. माझा कलही तिकडेच आहे, परंतु रक्त दोघांनी दिलेले असताना पतीला वगळणे न्याय्य कसे, या आक्षेपाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

कायद्याच्या बाजूने इतके ठाऊक आहे की विवाहकाळात जन्मलेले मूल औरस मानण्याची पुरावा कायद्याच्या कलम 112 मधील तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे, आणि मुलाची डीएनए चाचणी सरसकट करण्याचा आदेश देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येही बजावले आहे.

एचएलए प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असा: पूर्ण जुळणारा दाता शोधण्यासाठी आधी फक्त भावंडांची तपासणी करून, अर्धा (म्हणजे एकच संच) जुळणारा दाता हवा असेल तेव्हाच आईवडिलांची केली तर चालेल का? दोन सख्ख्या भावंडांचा एकही संच न जुळणे 25 टक्के वेळा स्वाभाविकच घडते, त्यामुळे तेवढ्यावरून संशय निर्माण होणार नाही.

समुपदेशकांना विचारायचे आहे ते असे. ‘या तपासणीतून कौटुंबिक नात्यांविषयी अनपेक्षित माहिती मिळू शकते’ हे वाक्य संमतीपत्रात असावे असे मला वाटते. पण सासू आणि पती शेजारी बसलेले असताना ते वाचून एखाद्या स्त्रीने नकार दिला, तर तो नकारच संशयाचे कारण ठरेल. म्हणून प्रत्येक प्रौढाशी, अपवाद न करता, पाच मिनिटे एकांतात बोलण्याची पद्धत ठेवावी असा विचार आहे. शिबिराच्या गर्दीत हे कोणी प्रत्यक्ष राबवले आहे का, आणि त्या एकांतात तिने नकार दिल्यास घरच्यांना कोणते खरे पण निरुपद्रवी कारण सांगितले होते?